गळती आणि जिद्द : दोन सोयीचे शब्द

शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते तीत दोन शब्द हटकून भेटतात. विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून गेला की त्याची 'गळती' झाली असे म्हणतात. सगळ्या अडचणींतून वाट काढीत तो पदवीपर्यंत पोचला की त्याच्या 'जिद्दी'चे कौतुक होते. पहिला शब्द शासकीय अहवालांत आणि प्राचार्यांच्या बैठकांत वावरतो. दुसरा सत्कारसमारंभांत, वर्तमानपत्रांत आणि, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे, दलित साहित्याच्या समीक्षेतही वावरतो. वरवर पाहता हे शब्द परस्परविरोधी वाटतात. माझे म्हणणे असे की ते एकच काम करतात. दोन्ही शब्द शिक्षणसंस्थेला चर्चेबाहेर ठेवतात.

गळणे ही पिकल्या पानाची, किडक्या फळाची क्रिया आहे. पान गळते तेव्हा ते कुणी तोडले असे आपण विचारीत नाही. हा शब्द वापरला की मुलाला कोणत्या नियमाने बाहेर काढले, कोणत्या कागदासाठी अडवले, कोणत्या तारखेने गाठले, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. जिद्द ही तशीच व्यक्तीची खाजगी मालमत्ता मानली जाते. जो टिकला तो स्वतःच्या बळावर टिकला असे एकदा ठरले की जो टिकला नाही त्याच्या अंगी ते बळ नव्हते, हा निष्कर्ष आपोआप निघतो. तो कुणी बोलून दाखवीत नाही एवढेच.

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गांना मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. नोकरी लागल्यावर वस्तीतल्या मंडळींनी सत्कार केला, तेव्हा वक्ते माझ्या जिद्दीवर बोलले. समाजकल्याणच्या वसतिगृहात मिळालेली एक खाट, मेसचे दोन वेळचे जेवण, परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी खिशातून पैसे काढून देणारे एक शिक्षक, यांचा उल्लेख त्या भाषणांत नव्हता. माझ्याबरोबर दहावी झालेल्यांपैकी ज्यांना ही खाट मिळाली नाही ते आज गवंडीकाम करतात, ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्यात जिद्द कमी होती असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. रोज पहाटे उठून नाक्यावर उभे राहायलाही जिद्दच लागते.

२

'बलुतं' १९७८ साली आले. त्याच्या आगेमागे आणि नंतर जी आत्मकथने आली त्यांच्यावर मराठीत विपुल लिहिले गेले. आपल्या समीक्षेने त्यांतील वेदना पाहिली, विद्रोह आणि नकार पाहिला, बोलीचे सामर्थ्य पाहिले. ही साहित्यकृती की समाजशास्त्रीय दस्तऐवज, असा वादही घातला. पण एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ज्या मुलाने पुढे हे पुस्तक लिहिले तो मुलगा शाळेत टिकला कसा? आणि त्याच्या शेजारी बसणारा का टिकला नाही? हा प्रश्न घेऊन ही पुस्तके वाचली तर त्यांच्या पानापानांवर त्याची उत्तरे आहेत, आणि ती बहुतेक वेळा अगदी ऐहिक, साधीसुधी आहेत.

दया पवारांच्या 'बलुतं'मधून संगमनेरचे वसतिगृह वजा केले तर त्या लेखकापर्यंत पोचणारी वाटच उरत नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये (१९७९) बहिणीच्या आश्रयाने वाढणाऱ्या पोरक्या मुलाची भूक हाच कथनाचा कणा आहे. तिथे अभ्यास आणि अन्न या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) कैकाडी बाप पोराला शाळेत घालण्याचा हट्ट धरतो, पण शाळा एका जागी उभी आणि बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर. हजेरीपुस्तकाला फिरते माणूस ठाऊक नसते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी असते, आणि या मुलाची ओळख कोणत्या नावाने पटवायची या पेचात ती सही अडते. मुलाची बुद्धी, आवड, कष्ट यांचा त्या क्षणी काहीही उपयोग नसतो. त्याचे शिक्षण एका कागदाच्या टोकाला लोंबकळते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणते आणि त्या विणकामावर मुलांच्या शाळा चालतात. जिद्दीच्या कौतुकात आईचे हे श्रम हुंदका आणण्यापुरते येतात. मुलाच्या शिक्षणाचा खर्च कुणी उचलला, या हिशेबात त्यांची नोंद होत नाही.

आणि 'उचल्या' (१९८७)? लक्ष्मण गायकवाड महाविद्यालयाची पायरी चढू शकले नाहीत. ते लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागले. त्याच माणसाच्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिक्षणखात्याच्या भाषेत या लेखकाची गळती झाली होती. बुद्धी नसते, चिकाटी नसते म्हणून मुले गळतात, असे म्हणणाऱ्यांनी या एका पुस्तकापुढे थोडे थांबले पाहिजे.

तेव्हा ही आत्मकथने म्हणजे टिकलेल्यांची साक्ष आहे. ती साक्ष काय सांगते? खाट, भाकरी, सही, वेळापत्रक आणि नावाने ओळखणारा एक तरी शिक्षक, या पाच गोष्टी जिथे जमल्या तिथे मूल टिकले. जिथे यांतली एखादी निसटली तिथे त्याचे शिक्षण धोक्यात आले. ज्यांच्या बाबतीत सगळ्याच निसटल्या त्यांची पुस्तके आपल्या कपाटात नाहीत. आपण जिद्दीचे जे शास्त्र बनवले ते फक्त कपाटातल्या पुस्तकांवरून बनवले आहे.

३

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी १८ पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेच्या दारातून आत आलेले मूल कायमचे साक्षर होईल त्या टप्प्यावरच बाहेर पडावे, हे त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे उद्दिष्ट मानले. या मांडणीतली दिशा पाहण्यासारखी आहे. ८२ मुलांच्या आळसावर किंवा त्यांच्या आईबापांच्या अज्ञानावर ते बोलत नाहीत. ते हा आकडा सरकारच्या शिक्षणखर्चाच्या चर्चेत मांडतात. म्हणजे ज्याच्याकडे तिजोरी आहे त्याच्याकडून हिशेब मागतात.

त्यांची कृतीही याच दिशेची होती. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ ची, आणि लगेच १९२५ साली सोलापुरात वसतिगृह. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठिंब्याने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये निघाले होते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. तिने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि त्याचे वर्ग सकाळी ठेवले, कारण दिवसा नोकरी करून पोट भरणाऱ्यांना शिकता यावे. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुले तिथल्या वसतिगृहांत राहून शिकली.

सकाळच्या वर्गांची ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यात सगळे तत्त्व आहे. विद्यार्थी घड्याळाला जुळत नसेल तर घड्याळ बदलायचे, असा तो निर्णय होता. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीभिंतींवर लिहिले. ज्याला शिका म्हणायचे त्याच्या जेवणाची, राहण्याची आणि वेळेची व्यवस्था आधी करायची, हा त्या घोषणेमागचा व्यवहार मात्र आपण विसरत चाललो आहोत.

४

आता आजचे पाहू. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत केंद्र सरकारने जी माहिती दिली तिच्यानुसार मागील पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आय.आय.टी. आणि आय.आय.एम. यांमधून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय असे मिळून १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. एकट्या केंद्रीय विद्यापीठांतून अनुसूचित जातींचे २,४२४, जमातींचे २,६२२ आणि इतर मागासवर्गीयांचे ४,५९६. सरकारच्या उत्तराचा आशय असा होता की उच्च शिक्षणात विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात आणि ते संस्था किंवा अभ्यासक्रम बदलतात. काही जण बदलत असतीलही. पण बदलले किती आणि घरी परतले किती, याचा शोध घेण्याआधीच उत्तर तयार असते, ही त्यातली खरी गोष्ट आहे.

यांतल्या कित्येकांना बाहेर पडण्याची वेळ कशी येते? २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. प्रवेश निश्चित करण्यासाठी भरायचे १७,५०० रुपये वेळेत जमले नाहीत, मुदत काही मिनिटांनी हुकली आणि जागा गेली. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ खालील विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. न्यायालयाचे आभार मानू. पण काही मिनिटांच्या उशिरावर उपाय म्हणून देशाचे सर्वोच्च न्यायालय लागावे, ही व्यवस्था कुणाला गृहीत धरून आखली आहे? ज्याच्या बापाच्या खात्यात साडेसतरा हजार रुपये नेहमी पडून असतात, त्याला.

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातून कुणी सर्वोच्च न्यायालयात जात नाही. तिथे हे सगळे आवाज न करता घडते. वसतिगृहाची निवडयादी वर्ग सुरू होऊन कितीतरी आठवडे गेल्यावर लागते, आणि ती गुणांवर लागते. म्हणजे ज्याला घरी अभ्यासाला जागा नव्हती म्हणून गुण कमी पडले, त्यालाच वसतिगृहाची खोली नाकारली जाते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून शासनाची स्वाधार योजना आहे. योजना चांगली आहे, पण पैसे वर्ष सरत आल्यावर, कधी सरल्यावर मिळतात. घरमालक जूनमध्येच भाडे मागतो.

शिष्यवृत्तीचेही तसेच. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातून त्याने महाविद्यालयाची फी भरायची असते. कागदावर ही सुधारणा आहे. प्रत्यक्षात पैसे उशिरा येतात, महाविद्यालय फीसाठी तगादा लावते, आणि ज्या मुलाला शासनाने मदत करायची तोच कार्यालयाच्या खिडकीपुढे थकबाकीदार म्हणून उभा राहतो. मग परीक्षेचा फॉर्म अडतो, निकालपत्रक अडते. एकदा फॉर्म अडला की तो मुलगा वर्गात यायचा बंद होतो. त्याला कुणी काढलेले नसते. हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे नुसत्या रेघा दिसू लागतात.

'अक्करमाशी'तली सहीही संपलेली नाही. तिचे नाव आता जात पडताळणी झाले आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि भटक्या-विमुक्ताला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचा आजा गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरला त्यांनी १९६१ सालचा कायम पत्ता कोठून आणायचा?

वेळापत्रकाचा प्रश्न तर आमच्या भागात उघडा डोळ्यांसमोर दिसतो. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. घरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला कोयता पुरा लागतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते. एक आजारी पडला तर त्याच्या जागी शिकणारा मुलगा किंवा मुलगी जाते. विद्यापीठाच्या पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच महिन्यांत येते. मुलींच्या बाबतीत दुसरी गोष्ट होते. आईबाप कारखान्यावर गेल्यावर पोरीला एकटीला कुठे ठेवायचे, म्हणून हंगामाच्या आधी लग्न उरकतात. मुलींचे वसतिगृह असते तर यांतली कितीतरी लग्ने निदान तीन वर्षे लांबली असती. कारखान्याचा गाळप हंगाम सबंध प्रशासनाला पाठ असतो. विद्यापीठाला मात्र तो ठाऊक नाही.

नावाने ओळखणारा शिक्षकही आता दुर्मिळ होत आहे. जागा रिकाम्या आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालतात. ते सकाळी एका महाविद्यालयात तास घेऊन दुपारी दुसऱ्या गावी जातात. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या जूनपर्यंत टिकेल की नाही हे ठरलेले नाही, त्याने विद्यार्थ्याला तीन वर्षे टिकवावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

या सगळ्यावर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक सोपा उतारा काढला आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला पदविका. परिस्थितीने मागे सारलेल्या मुलाला पुन्हा येण्याचे दार उघडे राहते, हे त्याचे समर्थन मी समजू शकतो. पण परत येण्यासाठी खाट, भाकरी आणि फी यांची सोय कोणती केली? ती केली नसेल तर एवढेच होईल की काल ज्याची गळती म्हणून नोंद झाली असती तो उद्या प्रमाणपत्रधारक म्हणून नोंदला जाईल. मूल तेव्हाही उसाच्या फडातच असेल. अहवालातला आकडा तेवढा सुधारेल.

आणि जिथे पैशाची अडचण नसते तिथे तिरस्कार असतो. दिल्लीच्या 'एम्स'मधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या वागणुकीविषयी सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिलेला अहवाल वाचावा. वसतिगृहात एकीकडे सारले जाण्यापासून शिक्षकांनी टाळण्यापर्यंत सगळे त्यात आहे. त्यानंतर २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत पायल तडवी गेली. त्यांच्या बाबतीत गळती हा शब्द उच्चारायची कुणाची हिंमत होणार नाही. मग जे जिवंत राहिले पण त्याच अपमानाने कंटाळून पिशवी उचलून घरी गेले, त्यांच्या बाबतीत तरी तो का चालावा?

५

माझे काही सहकारी म्हणतात की ही सगळी सोय केली तरी मुले शिकणार नाहीत. त्यांना शिक्षणाची आवड नाही, आणि टिकवण्याच्या नादात दर्जा घसरेल. या म्हणण्याला उत्तर अनुभवाने द्यावे हे बरे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एक योजना सुरू केली. गरीब विद्यार्थी, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक. त्यांना काय दिले? अपुरी पडणारी फी भरली, पाठ्यपुस्तके दिली, शहरी वाहतुकीचा पास दिला आणि वरचेवर भेटणारा एक सल्लागार दिला. पुढे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदविका मिळवणारे नेहमीच्या गटात २२ टक्के आणि या गटात ४० टक्के निघाले. परीक्षा दोन्ही गटांना त्याच होत्या. म्हणजे दर्जा खाली आणला नव्हता. बसचा पास, पुस्तक, फी आणि ओळखीचे माणूस, अशा मदतीने हा फरक पडला. संगमनेरच्या वसतिगृहाने आणि सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांनी आपल्याला हेच आधी सांगितले होते.

प्रत्येक गळतीला महाविद्यालयच जबाबदार असते असे मी म्हणत नाही. दुष्काळ महाविद्यालय आणत नाही, कर्जही आणत नाही. पण आपल्या दारातून आत आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हे तरी त्याला ठाऊक असले पाहिजे. आज बहुतेक महाविद्यालये प्रवेशाचा आकडा सांगतात आणि शेवटच्या वर्षाच्या निकालाची टक्केवारी सांगतात. या दोहोंच्या मधली माणसे कुठे गेली हे कुणी सांगत नाही. निकाल ९० टक्के लागला असे फलकावर लिहिताना परीक्षेला बसूच न शकलेल्यांची गणना होत नाही.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक अशा तिघांनाही माझे काही सांगणे आहे. प्रत्येक महाविद्यालयाकडे तुकडीवार आणि प्रवर्गवार हिशेब मागावा : तीन वर्षांपूर्वी आले किती, आज उरले किती. हा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो. वसतिगृहाच्या याद्या वर्ग सुरू होण्याआधी लागल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीचा पैसा शासनाकडे अडला असताना एकाही विद्यार्थ्याचा परीक्षेचा फॉर्म अडता कामा नये. ज्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला माणसे जातात तिथे हंगाम पाहून परीक्षेची दुसरी संधी ठेवली पाहिजे. सलग आठ दिवस वर्गात न दिसलेल्या मुलाच्या घरी कुणीतरी गेले पाहिजे. आपण १४ एप्रिलला गुणवंतांचे सत्कार करतो, ते जरूर करावेत. पण त्याच वस्तीत पहिल्या वर्षानंतर महाविद्यालय सोडलेली मुले कोण, याची यादी त्या व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कुणाजवळ असते का?

समीक्षकांनाही एक विनंती. पुढचे आत्मकथन हाती येईल तेव्हा त्यातली वेदना आणि विद्रोह पाहावाच. त्याबरोबर या लेखकाला कुणी जेवू घातले, कुणी सही दिली, कुणी अडवली आणि त्याच्या वर्गातले बाकीचे कुठे गेले, हेही पाहावे. लेखकाच्या जिद्दीला नमस्कार करून परिच्छेद संपवू नये.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली. त्या लढ्याने दारावर नाव लागले. त्या दारातून दरवर्षी आत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर येतात, हे मोजण्याचे काम अजून व्हायचे आहे. ते येत्या जूनपासून सुरू करता येईल. त्याला कोणत्याही ठरावाची गरज नाही. एक वही पुरे.